अठराव्या वर्षीचा अर्ज



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर याच गावात गणित शिकवलं. संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एका दमात सांगितला: बारावीनंतर परदेशात पदवीसाठी करायचा अर्ज. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. स्मृतिव्याख्यानाला इतिहास असावा, साहित्य असावं, समाजकारण असावं. अर्ज कसा भरायचा हा काय व्याख्यानाचा विषय झाला? मी म्हटलं, झाला. कारण आज आपल्या कितीतरी घरांत या अर्जापायी प्लॉट विकला जातो, शेत गहाण पडतं, आजोबांची ठेव मोडली जाते. एवढा मोठा निर्णय आपण कुठे बसून घेतो? परदेशी प्रवेशाच्या एजंटाच्या काचेच्या केबिनमध्ये, समोरच्या अनोळखी माणसाने पुढे सरकवलेल्या रंगीत माहितीपत्रकावरून. जो विषय घराघरात आहे, तो अशा सभागृहात उघड बोलला जायला हवा. म्हणून आज मी आले आहे.

मी अनेक वर्षं जर्मन शिकवते. त्यामुळे जर्मनीबद्दल जास्त बोलेन, ब्रिटन-अमेरिकेबद्दल थोडं. पण देश कुठलाही घेतला तरी माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. हा अर्ज मुलाचा आहे. तो मुलाने भरायचा आहे. आणि तो त्याला भरता यावा म्हणून जे लागतं, ते पुरवणं हे आपलं, म्हणजे पालकांचं, शाळा-कॉलेजांचं आणि सरकारचं काम आहे. मुलाचं काम आपण करतो आहोत आणि आपलं काम कोणीच करत नाही, हे माझं दुखणं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. परदेशी शिकायला जाणं महाराष्ट्राला नवं नाही. पण पूर्वी कोण, कधी गेलं ते नीट पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. होऊन. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, त्या मुंबई विद्यापीठाच्या एम.ए. होऊन. आपल्या पूर्वसूरींपैकी बहुतेकांची वाट अशीच होती: इथे पदवी, तिथे पुढचं शिक्षण. विशी ओलांडलेली, एका विद्यापीठाची परीक्षा पार केलेली, आपल्याला काय शिकायचं आहे हे कळलेली ही माणसं होती.

याला अपवाद होते आणि त्यातला एक फार मोठा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत पोचल्या, तेव्हा त्यांना नुकतंच अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं. म्हणजे इथे पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींचंच वय. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे त्यांनी प्रवेशासाठी जे पत्र पाठवलं, ते आज उपलब्ध आहे. ते वाचताना मला दर वेळी एकच गोष्ट जाणवते. त्यात आपण किती हुशार आहोत याचं वर्णन नाही. आपलं शिक्षण तुमच्या प्रवेशाच्या अटींना कदाचित पुरं पडणार नाही, हे त्या सरळ मान्य करतात. आणि मग आपण का आलो ते सांगतात: पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा दुखणं सोसत राहणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांसाठी. कॉलेजने प्रवेश दिला आणि १८८६ साली त्या एम.डी. झाल्या. त्यांच्यामागे गोपाळराव होते, पत्रव्यवहार त्यांनी सुरू केला, हे खरंच आहे. पण त्या पत्रातला आवाज आनंदीबाईंचा आहे. तो दुसऱ्या कोणाला काढता आला नसता.

आज काय बदललं आहे? आज अपवाद हाच रिवाज होऊ लागला आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणारे आहेतच, पण बारावी झाली की थेट निघणारी मुलं आता फक्त मुंबई-पुण्याच्या इंटरनॅशनल शाळांतली राहिलेली नाहीत. सांगली, नाशिक, लातूर, मडगाव, सगळीकडून मुलं निघू पाहत आहेत. त्यांच्या हातात आहे राज्य मंडळाची गुणपत्रिका. आणि इथून अडचणींना सुरुवात होते.

परदेशी विद्यापीठ अर्जदाराला नेमकं काय विचारतं? देशागणिक प्रश्न बदलतो, हे आपल्याला कोणी सांगतच नाही. आपण समजतो, गुण द्यायचे आणि प्रवेश घ्यायचा, जसा सीईटीनंतर घेतो तसा.

जर्मनीचा प्रश्न असा असतो: तुझं शालेय शिक्षण आमच्या शालेय शिक्षणाच्या तोडीचं आहे का? आणि उत्तर तेच देतात: भारतातली बारावी एकटी पुरेशी नाही. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. त्यांच्या हिशेबात विद्यापीठाच्या दाराशी येईपर्यंत आपलं शिक्षण थोडं कमी पडतं, आणि ते भरून काढायचे रस्ते त्यांनीच आखून दिले आहेत.

पहिला रस्ता श्टुडिएनकोलेगचा. ही साधारण दोन सेमिस्टरची पूर्वतयारीची शाळा. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना टी कोर्स, वैद्यकीय आणि जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांना एम, अर्थशास्त्र-व्यवस्थापनाला डब्ल्यू. हानोफर, हायडेलबर्ग अशा मोठ्या शहरांत त्या आहेत, तशा नॉर्डहाउझेन, क्योटेनसारख्या लहान गावांतही आहेत. (क्योटेन म्हणजे संगीतकार बाख जिथे सहा वर्षं दरबारी नोकरीत होता ते गाव. तिथे जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. ज्या गावात वर्ष काढायचं, त्याची ओळख असावी.) सरकारी कोलेगमध्ये शिक्षणशुल्क साधारणपणे नसतं. पण आत शिरायला प्रवेशपरीक्षा असते, जर्मनची आणि बहुतेक कोर्सना गणिताचीही. ती द्यायची तर जर्मन बी-वन, बऱ्याच ठिकाणी बी-टू पातळीचं लागतं. वर्षाच्या शेवटी एक परीक्षा, आणि ती हुकली तर साधारणपणे आणखी एकदाच देता येते.

दुसरा रस्ता: भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण करायचं. मग त्याच विषयगटात जर्मन विद्यापीठाकडे थेट अर्ज करता येतो. तिसरा रस्ता: जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालात तर तांत्रिक आणि विज्ञान शाखांना थेट दार उघडतं.

मला विचाराल तर राज्य मंडळातून आलेल्या मुलासाठी दुसऱ्या रस्त्याचा विचार सर्वांत आधी व्हावा. एफ.वाय.बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष इथे, घरी राहून, इथल्या खर्चात. त्या वर्षात मुलाला कळतं की हा विषय आपल्याला खरंच झेपतो का, आवडतो का. न आवडला तर बदलायची किंमत इथे थोडी, तिथे फार. पण 'वर्ष वाया जाईल' ही भीती आपल्या हाडीमासी इतकी भिनली आहे की हा सल्ला ऐकल्यावर पालकांचा चेहरा उतरतो. कशाचं वाया? अठरा वर्षांच्या मुलाने एक वर्ष भौतिकशास्त्र आणि जर्मन मन लावून शिकलं, तर ते वर्ष वाया गेलं असं कोणत्या हिशेबाने म्हणायचं?

आता भाषेचं बोलू, कारण खरी मेख तिथे आहे. इंग्रजीतून शिकवले जाणारे पदवी अभ्यासक्रम जर्मनीत आहेत, पण सार्वजनिक विद्यापीठांत ते थोडे. बहुतेक पदवी अभ्यासक्रम जर्मनमधून, आणि त्यांना सी-वन पातळी लागते. शून्यापासून बी-टूपर्यंत पोचायला साधारण ६०० ते ८०० तासिका धराव्यात. आठवड्याला आठ तासिका केल्या तर दीड ते दोन वर्षं झाली. म्हणजे जर्मनीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर सुरू होत नाही. तो दहावीच्या सुट्टीत सुरू होतो. आणि त्याच दोन वर्षांत आपण मुलाला सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत क्लासला बसवलेलं असतं! या बाबतीत पुण्याचं बरं आहे. तिथे मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, कितीतरी शाळांत आठवीपासून जर्मन आहे. इतर जिल्ह्यांतल्या मुलांनी काय करायचं? ऑनलाइन वर्ग आहेत, हे मान्य. पण भाषा बोलायला समोर माणूस लागतो.

गुणांबद्दलही एक गोष्ट सांगते, म्हणजे घराघरातला एक निष्कारण शोक थांबेल. आपले गुण जर्मन श्रेणीत बदलायला ते एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे गुण वजा करायचे, पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, तीनने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. सरांना हे आवडलं असतं, त्यांच्या फळ्यावर मांडून दाखवण्यासारखं आहे. राज्य मंडळाचे कमाल १००, उत्तीर्ण ३५. मुलाला ८५ टक्के असतील तर १५ भागिले ६५, गुणिले तीन, अधिक एक: सुमारे १.७. जर्मनीत १ ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४ ही उत्तीर्णाची सीमा. म्हणजे १.७ ही चांगलीच श्रेणी झाली. ज्या ८५ टक्क्यांसाठी आपण मुलाशी आठवडाभर धड बोललो नाही, त्याच गुणांकडे तिथे आदराने पाहिलं जातं. वैद्यकशास्त्रासारख्या मोजक्या जागांच्या शाखांना स्पर्धा तीव्र आहे, तिथे हेही अपुरं पडेल. पण यंत्र, विद्युत, रसायन, गणित अशा अनेक शाखांत मुलाची वाट गुणांनी अडत नाही. ती अडते भाषेने आणि कागदांनी.

ब्रिटनचा प्रश्न वेगळा. तो असा: हाच विषय का? तिथे युकास नावाच्या एकाच ठिकाणी अर्ज, जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत १५ ऑक्टोबर, म्हणजे आपल्या बारावीच्या सहामाहीच्या आसपास. २०२६ च्या प्रवेशापासून त्यांनी पूर्वीचा सलग निबंध काढून तीन प्रश्न ठेवले आहेत: हा अभ्यासक्रम का निवडलास, तुझ्या अभ्यासाने तुझी काय तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर तू कशी तयारी केलीस. तिन्ही मिळून ४,००० अक्षरचिन्हं. 'मला लहानपणापासून अर्थशास्त्राची आवड आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. गेल्या वर्षी कांद्याचे भाव का पडले याचा शोध घ्यायला मी बाजार समितीत गेलो, तिथे हे पाहिलं, मग अमुक पुस्तक वाचलं आणि माझा एक समज मोडला, हे उत्तर चालतं. लासलगाव किंवा पिंपळगावच्या मुलाला हे लिहिता येईल. पण तो बाजार समितीत गेला पाहिजे आणि ते पुस्तक त्याने वाचलं पाहिजे.

अमेरिकेचा प्रश्न सर्वांत व्यापक: तू कोण आहेस? कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जातला ६५० शब्दांचा निबंध त्यासाठी असतो. त्यावर मी आज फार बोलणार नाही. एवढंच सांगते की घरातली कामं, शेतावरचा हात, आजारी आजीची शुश्रूषा, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणं, हे सारं तिथे रीतसर मोजलं जातं, त्याला रकाने आहेत. आपली मुलं ते रिकामे सोडतात आणि पैसे भरून मिळवलेली 'आंतरराष्ट्रीय परिषदे'ची प्रमाणपत्रं जोडतात. कोणी सांगितलं त्यांना की घरचं काम हे कामच नाही?

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सर्वांत जास्त अश्रू मी याच भागात पाहिले आहेत.

एक गुणपत्रिका डोळ्यांपुढे आणा. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर नाव कसं छापतात? आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. खाली आईचं नाव वेगळं. आता पासपोर्ट पाहा. तिथे आडनावाचा रकाना वेगळा, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव, बहुधा वडिलांच्या नावासकट. समजा मुलगी आहे स्नेहल संजय पाटील. गुणपत्रिकेवर ती 'पाटील स्नेहल संजय'. अर्ज भरताना गुणपत्रिका समोर ठेवून भरला, की पहिलं नाव 'पाटील' आणि आडनाव 'संजय' होऊन बसतं. भाषेच्या परीक्षेला नाव एका क्रमाने, बँकेत दुसऱ्या क्रमाने. बर्लिनमध्ये बसून कागद तपासणाऱ्याला या तीन वेगवेगळ्या मुली वाटल्या, तर त्याचा काय दोष? दहावीच्या प्रमाणपत्रात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एक, बारावीच्या दुसरं, हे तर सर्रास आहे. या दुरुस्त्या शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे करता येतात, पण त्यांना वेळ लागतो. म्हणून अकरावीत असतानाच एका संध्याकाळी मुलाने सगळे कागद जमिनीवर पसरावेत आणि अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावं. मुलाने, हं. आईने नाही. पुढे परक्या देशात निवासाचा परवाना, विमा, बँक, घराचा करार हे सगळं त्यालाच वाचायचं आहे.

जर्मनीच्या बाबतीत १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएसचं प्रमाणपत्र आवश्यक झालं आहे. आपले शैक्षणिक कागद अस्सल आहेत का, हे दिल्लीचं ते कार्यालय तपासतं. त्याची फी १८,००० रुपये. ही तपासणी का आली? बनावट कागद वाढले म्हणून. प्रामाणिक मुलाला आज अठरा हजार आणि काही आठवडे मोजावे लागतात, ते दुसऱ्या कोणाच्या तरी खोट्या शिक्क्यामुळे. त्यानंतर युनि-असिस्ट. बरीच जर्मन विद्यापीठं परदेशी अर्जांची छाननी या संस्थेकडून करून घेतात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. हिवाळी सत्राची नेहमीची मुदत १५ जुलै, उन्हाळी सत्राची १५ जानेवारी. कागद आठ आठवडे आधी पाठवावेत असं सांगतात. आता हिशेब करा. १५ जुलैच्या आठ आठवडे आधी म्हणजे मेचा मध्य. आपला निकालच मे महिन्यात लागतो! गुणपत्रिका हाती यायची, मग एपीएस, मग हे. म्हणून बारावीच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विमानात बसवायची घाई पालकांनी करू नये. जानेवारीची मुदत धरावी आणि मधले महिने भाषेला द्यावेत.

आणि मग येतं शिफारसपत्र. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे शिक्षकाचं पत्र लागतं. हा विद्यार्थी वर्गात कसा विचार करतो, कसे प्रश्न विचारतो, हे ओळखणाऱ्या शिक्षकाने लिहिलेलं. आता तुम्हीच सांगा, असा शिक्षक आपल्या मुलाला आहे का? आपण मुलाचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात घालतो आणि मूल जातं क्लासला. कॉलेजात हजेरी लागते, मूल तिथे नसतं. क्लासमध्ये मूल असतं, पण दोनशे जणांत, त्याला नावाने कोणी ओळखत नाही. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत ज्या मुलाला एकही शिक्षक ओळखत नाही, त्याच्यासाठी पत्र कोण लिहिणार? केबिनमधला माणूस लिहितो आणि प्राचार्यांची सही आणतो. 'इंटिग्रेटेड' या नावाखाली आपण आपल्या मुलांचे शिक्षक काढून घेतले आहेत. परदेशी विद्यापीठ जेव्हा ते पत्र मागतं, तेव्हा आपलं हे नुकसान उघडं पडतं. परदेशी न जाणाऱ्या मुलांचंही तेवढंच नुकसान झालेलं असतं, फक्त ते कोणी विचारत नाही.

पैशाबद्दल मी मोकळेपणाने बोलते, कारण इथे सर्वांत जास्त दिशाभूल होते. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य तुम्ही पोस्टरवर वाचलं असेल. सार्वजनिक विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून पदवीला सत्राला २,००० ते ३,००० युरो लावले आहेत. आणि राहण्या-जेवण्याचा खर्च तर सर्वांनाच आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ मिळतात. हा आकडा मधून मधून वाढतो, तेव्हा अर्ज करताना ताजा पाहावा. एका युरोला शंभर रुपये धरले तर वर्षाला जवळपास बारा लाख. कोलेगचं एक वर्ष आणि पदवीची तीन, म्हणजे चार वर्षांचे अठ्ठेचाळीस लाख, आणि पदवी लांबली तर जास्त. तिथे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पण पहिल्या वर्षी, परक्या भाषेत गणिताचे पेपर देताना, मूल कमावून खर्च भागवेल हे गृहीत धरून घरातून पाठवणं मला क्रूर वाटतं. पहिल्या वर्षाचे पैसे हातात असतील तरच पाठवा.

अमेरिकेचं शुल्क ऐकून आपण दार बंद करतो. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी मुलांनाही प्रवेश देताना त्यांची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर गरजेएवढं साहाय्य देतात. तिथे शिरणं अतिशय अवघड आहे. इतर बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. हे दोन्ही माहीत असावं. मदत मागताना घरच्या उत्पन्नाचे खरे कागद लागतात. शेतीचं उत्पन्न, भावाभावांत न वाटलेली जमीन, दुकानाची उलाढाल, सगळं. ही माहिती मुलापासून लपवू नका. ज्या मुलासाठी कर्ज काढता, त्याला ते किती आहे, तारण काय ठेवलं, हप्ता कधी सुरू होणार, हे माहीत असण्याचा हक्क आहे.

आणि सरकार? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्याचं फळ या देशाच्या राज्यघटनेत आहे. आज महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. दोन्ही मोलाच्या, आणि दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. बारावीनंतर जाणाऱ्या गरीब मुलाला त्यांचा उपयोग नाही. कोणी म्हणेल, त्याने इथे पदवी घ्यावी आणि मग जावं. हा सल्ला मीही अनेकांना देते. पण मग श्रीमंताच्या मुलाने मात्र अठराव्या वर्षी जावं, हे कसं? निदान ज्याला कोलेगची प्रवेशपरीक्षा पार करता आली आहे, त्याच्या पहिल्या वर्षाच्या ब्लॉक्ड अकाउंटची हमी राज्याने घ्यावी. संख्या थोडी असेल. अशा मुलांना नावानिशी मोजता येईल.

शेवटी त्या काचेच्या केबिनविषयी. सल्ला देऊन त्याची रास्त फी घेणारी, सचोटीची माणसं या व्यवसायात आहेत. पण पालकांनी एक प्रश्न विचारायलाच हवा: तुम्हाला पैसे कोण देतं? अनेक खासगी परदेशी संस्था प्रत्येक प्रवेशामागे एजंटाला कमिशन देतात. जर्मनीची सार्वजनिक विद्यापीठं साधारणपणे देत नाहीत. म्हणून तर जर्मनी विचारायला गेलेल्या मुलाला भरमसाट शुल्काच्या खासगी संस्थेचं माहितीपत्रक मिळतं! २०२३ साली कॅनडात पंजाबमधून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. एजंटाने दिलेलं कॉलेजच्या प्रवेशाचं पत्रच बनावट निघालं होतं. कित्येकांना ते शिकून, नोकरीला लागून, कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर कळलं. ज्याने आपल्या हाताने विद्यापीठाशी पत्रव्यवहार केला असता, त्याला हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

दुसरा धोका अधिक गोड दिसतो. केबिनमध्ये निबंध लिहून मिळतो. सुरेख इंग्रजी, एकही चूक नाही. आई-बाबा खूश होतात. पण त्या निबंधातला मुलगा कोण आहे? मी असे निबंध वाचले आहेत. त्यात मूल वृद्धाश्रमात जातं, तिथे त्याचं आयुष्य बदलतं. समोर बसलेल्या मुलाला विचारावं, कोणत्या वृद्धाश्रमात? तर ते खाली बघतं. आपल्या पोराच्या तोंडी पहिल्याच अर्जात खोटं घालून आपण त्याला परक्या देशात एकटं पाठवतो. आणि त्याच मुलाने आठवीत घरच्या बंद पंपाची मोटर उघडून, दोन दिवस खटपट करून, तारांचे आकडे वहीत काढलेले असतात. ती वही माळ्यावर पडून आहे. तिच्यावर दोन परिच्छेद त्याने मोडक्या इंग्रजीत लिहिले असते, तर वाचणाऱ्याने खुर्चीत सरसावून वाचले असते. व्याकरण शिक्षकाने तपासून द्यावं, त्यात गैर काही नाही. मजकूर मुलाचा राहावा.

मग आपण काय करायचं? मी तीन मागण्या घेऊन आले आहे, आणि ज्यांच्याकडे मागायच्या ते सभागृहात आहेत. पहिली, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांकडे: येत्या जूनपासून दर पंचवीस मुलांमागे एक शिक्षक नेमा, जो त्या मुलांना दोन वर्षं ओळखेल. आठवड्याला एक तास पुरे. दुसरी, ज्या वाचनालयाने ही व्याख्यानमाला भरवली त्यांच्याकडे: शनिवारी संध्याकाळी एक टेबल आणि एक संगणक द्या. परदेशात शिकून आलेली या गावातली मुलं सुट्टीवर येतात, त्यांना तिथे बसवा. लहान मुलांचे अर्ज त्यांनी भरून द्यायचे नाहीत, शेजारी बसून मुलांकडून भरून घ्यायचे. जर्मनसाठी येत्या उन्हाळ्यात मी स्वतः येईन. तिसरी, पालकांकडे: पासवर्ड मुलाला द्या. अर्जाच्या खात्याचा, ई-मेलचा. विद्यापीठाचं उत्तर आधी त्याने वाचावं, होकार असो की नकार.

शिफारसपत्रात काय असावं याची एक पानभर टिपणी आणि कागदपत्रं ताडून पाहायची यादी मी मराठीत करून आणली आहे. दाराशी ठेवली आहे, प्रत्येकाने एक घ्यावी. अध्यक्षांच्या परवानगीने आता प्रश्न घेऊ. आधी विद्यार्थ्यांनी विचारावेत. पालकांचे मी नंतर घेईन.